आधी फाईल, मग सुई: सांगली-मिरजेत मूल होण्यासाठी ॲक्युपंक्चर घ्यायचं ठरवलंय त्यांच्यासाठी

मला पहिली सुई टोचली ती एका गुरुवारी. गुरुवारी माझा उपवास असतो. सुया देणाऱ्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. अर्ध्या तासाने सुया काढल्या, मी उठून बसले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. तिथल्या मावशींनी लिंबू-साखरेचं पाणी दिलं, पाय वर करून झोपवलं. 'होतं असं पहिल्यांदा,' म्हणाल्या. उपाशीपोटी गेलं की होतं, हे मला नंतर कळलं.

त्यानंतर आठ महिने मी जात राहिले. नवव्या महिन्यात दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याची तपासणी करायला लावली, आणि सुया ज्या अंगात टोचल्या जात होत्या तिथे अडचण नव्हतीच असं निघालं. म्हणून इथला क्रम मी मुद्दाम उलटा लावलाय. सुईपर्यंत पोचायला जरा वेळ लागेल.

महिने नीट मोजा

गर्भनिरोधक न वापरता, नियमित संबंध ठेवून बारा महिने झाले आणि दिवस गेले नाहीत, तर तपासणीला जायचं. बाईचं वय ३५च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच. पाळी दोन-दोन महिने येत नसेल, आधी पोटाचं ऑपरेशन झालं असेल किंवा पाळीत लोळायची वेळ येत असेल, तर तेवढीही वाट बघायची नाही.

आपल्याकडे हे मोजमाप हमखास चुकतं. विटा, खानापूर, आटपाडी भागातली किती घरं गलाईच्या धंद्यात आहेत! नवरा तमिळनाडूत नाहीतर उत्तरेकडे कुठेतरी सोनं-चांदी गाळतोय, बायको गावी सासू-सासऱ्यांजवळ, आणि तो येतो दिवाळीला आणि जत्रेला. लग्नाला चार वर्षं झाली म्हणून सगळे हळहळतात, पण दोघं एका छताखाली मिळून सहा महिने तरी राहिलेत का? अशा जोडप्याला आधी सुईची नाही, एका खोलीची गरज आहे. भट्टीची धग आणि धातूंची वाफ यांचाही शुक्राणूंवर परिणाम होऊ शकतो, तेव्हा नवरा काय काम करतो ते डॉक्टरांना सांगाच. द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्यांनीही सांगायचं.

दोघांची फाईल

एक साधी फाईल घ्या, डावीकडे तिचे कागद, उजवीकडे त्याचे. ही फाईल हातात आल्याशिवाय ॲक्युपंक्चरवाल्यांचा जिना चढू नका.

तिच्या बाजूला: पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी रक्ताची तपासणी, त्यात एफएसएच वगैरे हार्मोन येतात. अंडाशयात साठा किती उरलाय ते सांगणारी एएमएच कोणत्याही दिवशी चालते. थायरॉइडची टीएसएच आणि प्रोलॅक्टिन. मग सोनोग्राफी, आणि अंडं वाढतंय का, फुटतंय का हे बघायला साधारण नवव्या-दहाव्या दिवसापासून एक दिवसाआड पुन्हा सोनोग्राफी. नळ्या मोकळ्या आहेत का ते बघायची एचएसजी पाळी थांबल्यावर, सहसा सहाव्या ते दहाव्या दिवसात करतात. ती दुखते. 'काही नाही हो, मुंगी चावल्यासारखं' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, सोबत कुणालातरी न्या आणि येताना रिक्षाने या.

त्याच्या बाजूला: वीर्याची तपासणी. एवढीच. सगळ्यात स्वस्त, कुठलीही सुई नाही, दुखणं नाही, आणि तरीही आपल्याकडे ती सगळ्यात शेवटी होते. आमच्या घरी तर ती नवव्या महिन्यात झाली. दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा आणि तो तासाभराच्या आत लॅबमध्ये पोचायला हवा. जतहून किंवा आटपाडीहून बाटली खिशात घालून यायचं म्हटलं तर ते जमत नाही. लॅबमध्येच द्यावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आताच्या मापाने एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू आणि त्यांतले ४२ टक्के हालचाल करणारे, ही खालची रेघ आहे. रेघेच्या खाली आलात म्हणून सगळं संपत नाही, वर आलात म्हणून खात्रीही नाही. एकदा कमी आलं तर काही आठवड्यांनी पुन्हा करतात.

यांचा आकडा दोन्ही वेळा रेघेच्या बराच खाली होता. तपासल्यावर व्हेरिकोसील निघालं, म्हणजे अंडकोषाजवळच्या शिरा फुगलेल्या. त्या रिपोर्टानंतर हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, 'आठ महिने तुला उगाच टोचून घ्यावं लागलं.' मी म्हटलं, उगाच नाही, रिकाम्या फाईलमुळे. राग मला यांचा नव्हता. पहिल्या दिवशी माझी जीभ बघितली, नाडी बघितली, तीन महिन्यांचे पैसे आगाऊ घेतले, आणि 'मिस्टरांचा रिपोर्ट?' हे दोन शब्द ज्यांनी विचारले नाहीत त्यांचा होता. थोडा माझाही. मीसुद्धा विचारलं नव्हतं.

या तपासण्यांसाठी पुण्याला जायची गरज नाही. सांगलीचं सिव्हिल आहे, मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा. खासगीत तर मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी मिशन हॉस्पिटल उभं केलं तेव्हापासून अथणी, विजापूरकडचे पेशंट इथे येतात, आणि मिरजेच्या वेटिंग रूममध्ये आजही मराठीइतकंच कानडी ऐकू येतं. मूल नसण्याचं दुःख दोन्ही भाषांत सारख्याच हळू आवाजात सांगतात.

सुईकडून काय मागायचं, काय नाही

इथे मी जरा थांबणार आहे, कारण ओळखीपाळखीत ऐकू येतं ते आणि अभ्यासात दिसतं ते यांत अंतर आहे.

ॲक्युपंक्चर चीनमधलं, दोन हजार वर्षांहून जुनं. भारतात ते आलं त्याला आपल्याकडचा एक धागा आहे. १९३८ साली चीनला जे पाच भारतीय डॉक्टर गेले त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, आणि त्यांच्याच तुकडीतले डॉ. विजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकून कोलकात्याला आले. मूळ शास्त्र म्हणतं की शरीरातून ऊर्जेच्या वाहिन्या जातात आणि सुई त्यांतला अडथळा काढते. आजचे संशोधक म्हणतात की सुईने नसा चेतवल्या जातात, शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्यं सोडतं, कदाचित रक्तप्रवाहात फरक पडतो. १९९६ साली स्वीडनमध्ये सुयांना हलका वीजप्रवाह जोडून गर्भाशयाच्या धमन्यांतला अडथळा कमी झालेला दिसला, पण त्या अभ्यासात बायका होत्या अवघ्या १०.

गाजावाजा झाला तो २००२ साली. जर्मनीत १६० स्त्रियांवर प्रयोग झाला. आयव्हीएफमध्ये, म्हणजे शरीराबाहेर लॅबमध्ये तयार केलेला गर्भ गर्भाशयात सोडतात त्या उपचारात, गर्भ आत सोडायच्या आधी आणि नंतर २५-२५ मिनिटं सुया दिल्या. सुया घेतलेल्यांत ४२.५ टक्के गरोदर राहिल्या, न घेतलेल्यांत २६.३ टक्के. हा आकडा तुम्हाला दवाखान्यांच्या भिंतीवर आजही दिसेल. भिंतीवर नसतं ते असं: त्या प्रयोगात दुसऱ्या गटाला खोटी सुई दिली नव्हती. आपल्यासाठी काहीतरी चाललंय या भावनेचा वाटा किती, ते त्यातून कळत नाही.

ते कळण्यासाठी पुढे मोठे अभ्यास झाले. त्यांत खोटी सुई वापरली. काही अभ्यासांत ही टेकवली की आत जात नाही, आपल्या दांड्यातच मागे सरकते; काहींत ठरलेली जागा सोडून नुसती वरवर टोचतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये आयव्हीएफ करणाऱ्या ८४८ स्त्रिया घेतल्या, २०१८ साली निकाल आला. मूल जन्माला आलं ते खऱ्या सुईच्या गटात १८.३ टक्क्यांना आणि खोट्या सुईच्या गटात १७.८ टक्क्यांना. म्हणजे फरक नाहीच. चीनमध्ये, जिथे ही विद्या जन्मली तिथेच, पीसीओएस (हार्मोनच्या गडबडीने अंडं वेळेवर न फुटण्याचा त्रास) असलेल्या १००० स्त्रियांवरचा अभ्यास २०१७ साली आला. आठवड्यातून दोनदा, चार पाळ्यांपर्यंत सुया. अंडं फुटायला मदत करणारी क्लोमिफीनची गोळी आणि खरी सुई घेतलेल्यांत २९.४ टक्क्यांना मूल झालं, गोळी आणि खोटी सुई घेतलेल्यांत २८ टक्क्यांना. नुसत्या सुईवाल्या गटात १३.९. काम केलं ते गोळीने.

मग मी तुम्हाला जाऊ नका म्हणते का? नाही. इंजेक्शनं, सोनोग्राफ्या, दर महिन्याला येणारी पाळी आणि नणंदेचं 'काही विशेष?' या सगळ्यात आठवड्यातून अर्धा तास फोन बंद करून कुणी शांत झोपू देतं, हे लहान नाही. मला झोप लागू लागली, डोकं दुखायचं कमी झालं. त्यासाठी जायचं असेल तर खुशाल जा. पण सुईने बंद नळी उघडत नाही, एएमएच वाढून साठा भरून येत नाही, शिरेचं ऑपरेशन टळत नाही. असं सांगणारा कुणी भेटला तर चप्पल घाला आणि निघा.

कुणाकडे

'त्यांच्या हाताला गुण आहे' हे आपल्याकडचं सगळ्यात मोठं प्रमाणपत्र. त्याच्याआधी दुसरं बघा. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आहे आणि त्याखाली नोंदणी होते. केंद्र सरकारनेही २०१९ साली या पद्धतीला मान्यता दिली. तेव्हा नोंदणी क्रमांक विचारायचा. विचारल्यावर कपाळाला आठ्या पडल्या तरी तुम्ही संकोचू नका.

जाण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारा. सुया एकदाच वापरून टाकायच्या, निर्जंतुक, पाकीट समोर फोडणार का? आमचे रिपोर्ट बघणार का? आणि आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी लिहून दिलं तर त्यांच्या तारखांप्रमाणे चालणार का? तिसऱ्या प्रश्नाला 'त्यांची औषधं आधी बंद करा' असं उत्तर आलं तर फोन ठेवा. गोळ्या-इंजेक्शनं बंद करायचा अधिकार फक्त ती लिहून देणाऱ्याला.

'मुलगाच होईल' असा पॉइंट, म्हणजे सुई टोचायची जागा, माहीत असल्याचं कुणी कुजबुजलं तर तिथून आधी उठा. असला पॉइंट नाही, आणि मुलगा-मुलगी निवडून देतो म्हणणं हा १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे.

आयव्हीएफला जाणार असाल तर त्या सेंटरची नोंदणीही बघायची. २०२१च्या कायद्यानंतर ती सक्तीची आहे.

पहिलं सिटिंग

उपाशी जाऊ नका. संकष्टी, गुरुवार, एकादशी सोडून वार घ्या, नाहीतर निदान केळं आणि दूध घेऊन जा. ढगळ सलवार किंवा सैल पायजमा घाला, कारण गुडघ्याच्या वरपर्यंत पाय आणि बेंबीच्या खालचं पोट मोकळं करावं लागतं. पुरुष चिकित्सक असेल तर खोलीत बाई हवी असं सरळ सांगा. त्यात मानापमान नाही.

सुई इंजेक्शनसारखी नसते. केसासारखी बारीक, साधारण पाव मिलिमीटर जाडीची, पोकळ नसलेली. दहा-पंधरा सुया लागतात: बेंबीखाली, गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूला, घोट्याच्या वर आतल्या बाजूला चार बोटांवर, अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसात, डोक्याच्या माथ्यावर, कधी कानाच्या पाळीत. टोचताना चुटकन लागतं, मग जडपणा येतो, मुंग्या येतात, एखाद्या ठिकाणी ठणका लागतो. असं वाटणं अपेक्षित असतं. पण विजेसारखी सणक गेली, जळजळ झाली तर लगेच बोला, सुई जरा बाहेर घेतात. वीस ते तीस मिनिटं पडून राहायचं. काही जण सुयांना क्लिपा लावून मशीन जोडतात, नुसती टकटक जाणवते. कुणाला पेसमेकर असेल तर ते नको.

सुया काढल्यावर त्या कुठे टाकतात ते बघा. जाड प्लॅस्टिकच्या बंद डब्यात पडल्या पाहिजेत, ट्रेमध्ये परत ठेवल्या तर पुन्हा येऊ नका. आणि काढताना मोजा. मी मोजायची. एकदा बारा टोचल्या आणि अकरा निघाल्या. बारावी केसांत होती.

छोटे निळे डाग पडतात, चार दिवसांत जातात. रक्त पातळ करायची इंजेक्शनं किंवा ॲस्पिरिन चालू असेल तर आधी सांगायचं. आयव्हीएफच्या बायकांना ती बरेचदा असतात आणि सांगायचं राहून जातं.

तारखा

वहीत पाळीचा पहिला दिवस लिहा, बाकी सगळं त्यावरून मोजायचं. नुसत्या सुया चालू असतील तर आठवड्यातून एक किंवा दोन. आयव्हीएफ असेल तर इंजेक्शनांच्या दहा-बारा दिवसांत आठवड्याला एक पुरे, आणि गर्भ सोडायच्या दिवशी आधी-नंतर घ्यायची असेल तर सेंटरला आदल्या दिवशीच विचारा. त्यांनी नको म्हटलं तर नको. मिरजेत गर्भ सोडून धावतपळत सांगलीला सुया घ्यायला जाण्यात मिळवायचं काही नाही, वर त्या रस्त्याचे खड्डे.

गर्भ सोडल्यापासून पुढे, किंवा पाळी चार दिवस जरी लांबली, तरी चिकित्सकाला आधी सांगायचं. घोट्याजवळचा आणि हाताच्या अंगठ्याजवळचा पॉइंट गरोदरपणात टाळायची जुनी रीत आहे. पोटावर शेक तर मुळीच नको.

त्याच्यावर उपचार चालू असतील तर घाई करून उपयोग नाही. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, म्हणून आज सोडलेल्या तंबाखूचा किंवा झालेल्या ऑपरेशनचा फरक तीन महिन्यांनंतरच्या रिपोर्टात शोधायचा. बागाईतदारांनी हे वेळापत्रक छाटणीशी जुळवून बघावं. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेतून हलता येत नाही, हे मी माहेरी बघितलंय. तो काळ सेंटरच्या तारखांसाठी धरू नका.

पैसे

एका सिटिंगचे किती ते विचारा आणि २४ने गुणा. तीन महिने, आठवड्याला दोन, असाच हिशेब होतो. त्यात दर वेळचं गाडीभाडं घाला. एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, पलूस-तासगावहून येणाऱ्यांना ते चांगलंच जाणवतं. येणारी बेरीज एका आयव्हीएफच्या खर्चातून वजा होणार असेल तर माझं मत स्पष्ट आहे: आयव्हीएफचे पैसे आधी बाजूला ठेवा. आगाऊ पॅकेज घेऊ नका. 'दहा घेतल्यास दोन मोफत' ही योजना भडंगाला ठीक आहे. मेडिक्लेमवर विसंबू नका, नेहमीच्या पॉलिसीत वंध्यत्वाचे उपचार वगळलेले असतात.

घरात

सासूबाईंना मी 'पाठीसाठी सुया घेते' असं सांगितलं होतं. तीन महिने चाललं, मग विश्रामबागच्या चौकात त्यांच्या भिशीतल्या बाईंनी मला त्या जिन्यावरून उतरताना पाहिलं. खोटं बोलायचंच असेल तर दोघांनी एकच बोला. नवऱ्याचा रिपोर्ट कमी आला तर ती गोष्ट कुणाला सांगायची हे त्याने ठरवायचं, पण त्यामुळे सगळं बायकोच्या माथी मारून गप्प बसायचं नाही. आमच्या ह्यांनी एका पंगतीत, जिलेबी वाढत असताना, आत्याबाईंना सांगून टाकलं: 'आत्या, उपचार माझ्यावर चाललेत.' आत्या गप्प झाल्या. जिलेबी मात्र दोनदा वाढली.

थांबायचं कधी

हे सुरुवात करायच्या आधीच लिहून ठेवायचं, वहीच्या पहिल्या पानावर, दोघांनी मिळून. तिचं वय ३५च्या आत, फाईल बरी, डॉक्टर म्हणतात की वाट बघू शकता: मग तीन पाळ्या. ३५च्या पुढे असेल तर सुईसाठी म्हणून एकही पाळी थांबू नका, मुख्य उपचारांच्या जोडीने चालू द्या. एएमएच कमी असेल तर तीन महिनेसुद्धा महाग पडतात. 'अजून थोडं, आता गुण यायला लागलाय' असं दर वेळी ऐकू येईल, म्हणूनच आकडा आधी लिहायचा.

ह्यांच्या ऑपरेशननंतर मी पुन्हा सुया घेतल्या, या वेळी दुसरीकडे, फाईल दाखवून, नुसत्या झोपेसाठी. पानावर १२ लिहिलं होतं. बारावी झाली तो पुन्हा गुरुवारच होता. पैसे दिले, चिकित्सकबाईंनी फाईलमध्ये तारखा लिहून सही केली आणि ती फाईल घेऊन आम्ही दुसऱ्या दिवशी मिरजेला आययूआयची, म्हणजे वीर्य थेट गर्भाशयात सोडायची, तारीख घ्यायला गेलो.